जुन्या स्पोर्ट्‌स कारचा डिफ: बदलायचा की राहू द्यायचा?

मागच्या चाकांवर चालणारी जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली की महिन्याभरात कोणीतरी बजावतंच, ‘या मॉडेलचा डिफ टिकत नाही, तुटायच्या आत बदलून घे.’ डिफ म्हणजे डिफरन्शियल, इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरांचा डबा. त्या दिवसापासून मालकाचे कान मागे लागतात. गाडीने जरा वेगळा सूर धरला की छातीत धस्स होतं. या भीतीपायी धडधाकट डिफ उतरवलेले मी पाहिलेत. ज्यांनी खरंच उतरवायला हवा होता, त्यांच्या डिफचे दात भररस्त्यात गेलेलेही पाहिलेत. दोन्हीकडे चूक एकच झाली होती. डिफ दोन वेगळ्या तऱ्हांनी मरतो, आणि त्या दोन तऱ्हा कोणी वेगळ्या काढून पाहिल्या नव्हत्या.

पहिली तऱ्हा झिजण्याची. बेअरिंग सैल होतात, पिनियन (ताकद आत आणणारा छोटा गिअर) आणि क्राउन (तो फिरवतो तो मोठा गिअर) यांचे दात एकमेकांवर बसायचे तिथे बसत नाहीत, लिमिटेड स्लिपच्या (एकच चाक मोकळं फिरू न देणाऱ्या डिफच्या) प्लेटा गुळगुळीत होतात. हा डिफ खूप आधीपासून बोलायला लागतो, आवाज करतो, तेलात चुरा सोडतो. दुसरी तऱ्हा फटक्याची. क्लच झटकन सोडला, चिकट टायरनी रस्ता धरून ठेवला आणि दाताला न सोसणारा भार एका क्षणात आला. हा डिफ आदल्या दिवसापर्यंत गप्प असू शकतो. म्हणून झिजेचा निर्णय पुराव्यावर घ्यायचा आणि फटक्याचा निर्णय हिशेबावर.

उदाहरण म्हणून माझ्दा एमएक्स-५ घेऊ, कारण तिच्यात हा सगळा प्रश्न उघड दिसतो. १९८९ मध्ये ही गाडी १.६ लिटर इंजिन घेऊन आली. तिच्या डिफमधलं क्राउन व्हील सुमारे ६ इंच व्यासाचं. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटर इंजिन आलं आणि सोबत ७ इंची क्राउनचा मोठा डिफ. पहिल्या गाड्यांना लिमिटेड स्लिप हवा असेल तर व्हिस्कस (दाट द्रवावर चालणारा) मिळायचा, नंतरच्यांना टॉर्सन (गिअरांवर चालणारा). तेव्हापासून छोटा डिफ ‘नाजूक’ आणि मोठा ‘दणकट’ अशी ख्याती झाली. ख्याती खरी आहे, पण ती कुठल्या गाडीला लागू होते हे पुढे पाहू.

पहिली पायरी: आवाज डिफचाच आहे का

इथे घाई करू नका. मागून येणारा प्रत्येक आवाज डिफच्या माथी मारला जातो. माझ्या एका जुन्या गाडीला साठच्या पुढे घरघर यायची. एका गॅरेजने न उघडताच ‘क्राउन-पिनियन गेलं’ म्हणून निकाल दिला. मोकळ्या रस्त्यावर मी गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली, तर उजवीकडे वळताना घरघर वाढायची आणि डावीकडे वळताना जवळजवळ थांबायची. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर जातं. दोष डाव्या चाकाच्या बेअरिंगचा होता, डिफला हातही लावावा लागला नाही.

रस्ता मोकळा असेल आणि सोबत कोणी कान देऊन बसणारं असेल तेव्हा ही चाचणी करा. एका ठरलेल्या वेगावर गाडी तीन प्रकारे चालवायची: अ‍ॅक्सिलरेटर दाबून, पाय पूर्ण काढून, आणि वेग ना वाढे ना घटे एवढाच हलका पाय ठेवून. ताकद देताना सुरेल हूंऽऽ येते आणि पाय काढताच ती जाते किंवा सूर बदलते, तर संशय क्राउन-पिनियनच्या दातांवर. पाय काढल्यावरच ओरडत असेल, तर पिनियनचं बेअरिंग सैल झालंय का ते आधी बघा. पायाच्या दाबाने काहीच फरक न पडता फक्त वेगाबरोबर घरघर वाढत असेल, तर चाकांचे बेअरिंग, टायर किंवा डिफच्या आत क्राउनला धरून ठेवणारे दोन मोठे बेअरिंग, यांतलं काहीतरी आहे.

टायर तर फार फसवतात. एका कडेने खालीवर झिजलेला टायर हुबेहूब खराब बेअरिंगसारखा घुमतो. रस्ता खरखरीतचा गुळगुळीत झाल्यावर आवाज बदलला, तर तो टायरचा. खात्रीच करायची तर पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून पाहा. गाडीला पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर उसने लावून पाहा.

गिअर टाकताना मागून येणारा ‘खट्ट’ आवाज हा वेगळा विषय. तो डिफच्या आतल्या खेळाचा, म्हणजे ढिलेपणाचा, असू शकतो, पण बहुतेकदा प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून डिफकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचा किंवा डिफ ज्या रबरी बुशांवर टांगलेला असतो त्या बुशांचा निघतो. वीस-तीस वर्षांचं रबर तडकलेलं असणारच. अगदी तीव्र वळणावर, पार्किंगमध्ये, मागून कुरकुर-थरथर येत असेल आणि डिफ प्लेटांचा लिमिटेड स्लिप असेल, तर कित्येकदा योग्य तेल आणि त्यातलं घर्षण कमी करणारं अ‍ॅडिटिव्ह घातल्यावर ती थांबते. अ‍ॅडिटिव्ह कुणीतरी मागच्या सर्व्हिसला विसरलेलं असतं.

दुसरी पायरी: तेल काय सांगतं

मला विचाराल तर निम्मा निर्णय इथेच होतो, आणि हे काम घरी करता येतं. गाडी चालवून डिफ कोमट करा, चारही बाजूंनी सारखी उचलून भक्कम स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर कधीही खाली शिरू नका. आधी वरचा फिलर प्लग उघडा. तो अडकलेला निघाला आणि तुम्ही खालून तेल सोडून बसला असाल, तर गाडी तिथेच अडकली.

ड्रेन प्लगला बहुधा लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखी मऊ साय जमलेली दिसेल. बोटाने चोळली की ती पसरते, आत काही टोचत नाही. इतक्या वर्षांच्या डिफमध्ये एवढं असायचंच, घाबरू नका. आता ती साय कागदावर पुसा आणि उन्हात तिरकी धरून बघा. चमचमणारे बारीक पापुद्रे दिसले, तर बेअरिंगची वरची कातडी सुटायला लागली आहे. सुईसारखी सळई किंवा एखादा तुकडा निघाला, ज्याची एक बाजू घासून चकचकीत आणि दुसरी तुटलेल्या खडीसाखरेसारखी खरबरीत, तर तो दाताचा तुकडा आहे. तो हातात आल्यावर पुढे विचार करायचा नाही, गाडी तिथून डिफ उतरेपर्यंत हलवायची नाही. सुटा तुकडा पुन्हा दातांत गेला की हाऊसिंगही (डिफचं बाहेरचं कवच) फुटू शकतं.

तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, श्वास घेणारी छोटी नळी किंवा सील तपासा. काळं आणि जळकट वासाचं असेल तर बराच काळ उष्णता सोसलेली आहे. तेल कमी निघालं तर तीच सर्वात मोठी बातमी, कारण पिनियनच्या सीलमधून थेंबथेंब गळणारे डिफ कोरडे पडूनच जास्त मरतात.

नवं तेल हायपॉइड गिअरसाठीचंच हवं. या डिफमध्ये पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्याच्या खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर फिरता फिरता घसरतातही. त्या घसरण्याला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, बऱ्याच गाड्यांना ७५डब्ल्यू-९० जाडीचं. तुमच्या गाडीचं नेमकं माप तिच्या पुस्तकात बघा. उरलेलं मात्र गिअरबॉक्समध्ये ओतू नका. काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवत नाही.

काही संशयास्पद आढळलं नाही, तर तेल भरून हजारेक किलोमीटरनी पुन्हा प्लग उघडा. मला दुसऱ्या वेळची साय जास्त मोलाची वाटते, कारण पहिली कित्येक वर्षांची साठलेली असते आणि ही तुमच्या डोळ्यांदेखतची.

तिसरी पायरी: खेळ मोजा

गाडी स्टँडवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटलेला. पिनियनचा फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. इथे जाणवेल एवढाही खेळ चालत नाही. जाणवला तर बेअरिंग गेलेत. मग फ्लँज मागे-पुढे फिरवा. इथे थोडा खेळ असायलाच हवा, क्राउन आणि पिनियनच्या दातांतलं अंतर म्हणून. क्राउनच्या दातापाशी डायल गेजने मोजलं तर बऱ्याच गाड्यांत ते ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतं. बाहेरून फ्लँजवर जास्त वाटतं, कारण त्यात आतल्या छोट्या गिअरांचा आणि अ‍ॅक्सलचाही खेळ मिसळतो. त्यामुळे फ्लँजच्या खेळावरून डिफला दोषी ठरवू नका, नोंद करून ठेवा आणि सहा महिन्यांनी ताडून बघा.

पिनियनचा नट ‘जरा आवळून’ खेळ काढून देतो असं कोणी म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. त्या नटाखाली बहुतेक गाड्यांत एकदाच दबणारी नळी असते, तिच्यावर बेअरिंगचा ताण ठरलेला असतो. नट आवळला की ताण वाढतो आणि धड बेअरिंग भाजून निघतात.

डिफ ज्याला टांगलाय तो पत्राही टॉर्च लावून तपासा. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ सारख्या गाड्यांत डिफ ठणठणीत असतो आणि मागची सबफ्रेम (डिफ आणि सस्पेन्शन धरणारा सांगाडा) जिथे बसते तो बॉडीचा पत्राच फाटतो. तिथे नवा डिफ बसवणं म्हणजे रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे.

लिमिटेड स्लिप असेल तर एक इशारा. एकच चाक उचलून इंजिनने गिअरमध्ये ते फिरवून पाहू नका. जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून ओढून नेतं.

चौथी पायरी: फटक्याचा हिशेब

डिफ शांत आहे, तेल स्वच्छ आहे. तरी तो मॉडेलच्या ख्यातीप्रमाणे तुटेल का? इथे कागद-पेन्सिल घ्या.

१.६ च्या एमएक्स-५ चा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे १३६ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.१३६, डिफचं ४.३. तिन्हींचा गुणाकार सुमारे १,८३० न्यूटन-मीटर. घर्षणात जाणारं सोडून दिलं तर एवढा जोर पहिल्या गिअरमध्ये मागच्या चाकांपर्यंत पोचू शकतो.

आता टायर किती पेलतो ते बघा. चालकासकट गाडी हजार किलोच्या थोडी वर, निघताना मागच्या चाकांवर सुमारे ६०० किलो धरू. साध्या टायरची पकड ०.९ आणि चाकाची त्रिज्या ०.२९ मीटर धरली, तर साधारण १,५३० न्यूटन-मीटरला टायर घसरतो. म्हणजे इंजिनचा पूर्ण जोर दाताला सोसावाच लागत नाही, टायर आधीच हार मानतो. विजेच्या फ्यूजचं काम इथे टायर करतो. आता शर्यतीचे चिकट टायर लावा, पकड १.२ धरा. घसरण्याची मर्यादा सुमारे २,०४० वर गेली. इंजिन तेच, डिफ तोच, पण फ्यूज काढून टाकल्यासारखं झालं. त्यात क्लच झटकन सोडला तर जोरात फिरणाऱ्या फ्लायव्हीलचा साठलेला जोरही भर घालतो, तो वरच्या गुणाकारात धरलेलाच नाही. सर्वात वाईट म्हणजे चाकांची उडी. टायर पकडतो, सुटतो, पकडतो. प्रत्येक पकडीला दातावर हातोडा बसतो.

माझ्या मते म्हणूनच टायर आणि पाय यांचा प्रश्न इंजिनच्या आधी विचारावा. सुस्थितीतला छोटा डिफ, मूळ इंजिन, साधे टायर, समजून सोडलेला क्लच: या गाडीला केवळ बदनामीपायी डिफ बदलायची गरज मला वाटत नाही. टर्बो बसवून टॉर्क २२० वर नेला तर तोच गुणाकार २,९६० च्या पुढे जातो. वर चिकट टायर असतील तर छोटा डिफ टिकेल यावर मी भिस्त ठेवणार नाही. टर्बो बसवायच्या आधी डिफ बदला, नंतर नाही.

मोठ्या क्राउनने काय साधतं? तेवढाच टॉर्क मोठ्या त्रिज्येवर पेलला की दातावरचं बळ कमी होतं. ६ वरून ७ इंचाला साधारण १४ टक्के. शिवाय दातच जाड असतात. म्हणून छोट्या डिफच्या हाऊसिंगमध्ये महागडा लिमिटेड स्लिप बसवून ‘डिफ मजबूत केला’ असं समजू नका. वळणावरची पकड सुधारेल, पण क्राउन-पिनियन तेच राहिलं, उलट आता ताकद वाया कमी जात असल्याने त्यांच्यावर भार वाढला.

पाचवी पायरी: बदलायचं ठरलं, तर कसं

नुसता सील गळत असेल तर सील बदला. बेअरिंग आवाज करतायत पण दात निरोगी आहेत, तर उघडून बेअरिंग आणि सील बदलणं हाच उत्तम मार्ग, कारण आपलं क्राउन-पिनियन एकमेकांवर बसलेलं असतं. ती जोडी कधी फोडायची नाही. क्राउन एका डिफचं आणि पिनियन दुसऱ्याचं चालत नाही, ती कारखान्यातच जोडीने जुळवलेली असतात. कारागीर निवडताना एकच विचारा: जुळवणीनंतर दातांवर रंग लावून ठसा बघता का? जो दाताच्या मध्यावर उमटलेला ठसा तुम्हाला बोलावून दाखवतो, त्याच्याकडे काम द्या.

दात गेले असतील तर वापरलेला अख्खा डिफ शोधणं बहुधा शहाणपणाचं. घेताना पिनियन हाताने फिरवा. अडखळता कामा नये, वाळू घासल्यासारखं लागता कामा नये. तेल सोडायला लावा आणि चुंबक बघा. गंजलेला फ्लँज चालेल, आत पाण्याची लाल रेघ चालणार नाही.

मोठा डिफ बसवायचा तर यादी आधी पूर्ण करा. एमएक्स-५ मध्ये १.६ च्या गाडीला १.८ चा डिफ बसतो, पण त्यासोबत १.८ चे मागचे ड्राइव्ह शाफ्ट लागतात आणि फ्लँज वेगळा असल्याने प्रोपेलर शाफ्टही. डिफ स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन ठेवलेले आणि शाफ्टसाठी वर्षभर अडलेले लोक मी पाहिलेत, म्हणून सगळे भाग एकाच गाडीतून एकदम मिळत असतील तर तेच घ्या. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफ जोडणारी एक लांब अ‍ॅल्युमिनियमची तुळई असते. ती काढली की गिअरबॉक्सचं शेपूट खाली लटकतं. काढण्याआधी त्याला आधार द्या आणि बसवताना पुस्तकातल्या मापाने उंची जुळवा, नाहीतर नव्या डिफबरोबर नवी थरथर मिळेल.

गुणोत्तराकडे लक्ष द्या. १.६ ला ४.३, तर १९९४ च्या १.८ ला ४.१. त्याच वेगाला इंजिनला मिनिटाला ४,००० फेऱ्या लागायच्या तिथे आता सुमारे ३,८१४ लागतील. लांबच्या प्रवासात हे सुखाचं, पण कमी ताकदीच्या इंजिनला सुरुवातीचा जोर किंचित कमी वाटेल. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असल्याने तोही फसवेल: खरा वेग १०० असताना पूर्वीच्या मानाने काटा ९५ च्या आसपास दाखवेल. हे दुरुस्त केल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

गाडी खाली मोकळी आहे तोवर अ‍ॅक्सलचे सील, डिफची रबरी बुशं आणि शाफ्टचे जॉइंट बघून घ्या. पुन्हा तेवढंच काम उपसायला नको. काढलेला मूळ डिफ चांगला असेल तर भंगारात देऊ नका. तेल लावून, तोंडं बंद करून कोरड्या जागी ठेवा. जुन्या गाडीसोबत तिचा मूळ भाग देता येणं पुढच्या मालकाला मोलाचं असतं.

बसवल्यावर

वापरलेला अख्खा डिफ न उघडता बसवला असेल तर त्याला रुळवायची गरज नाही. क्राउन-पिनियन नवं असेल तर मात्र पहिल्या दिवशी वीस मिनिटं सौम्य चालवून पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. पहिले ७०० ते ८०० किलोमीटर जोरात पिळू नका, ओझं ओढू नका. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा. वेगळ्या व्यासाचे असले तर लिमिटेड स्लिप सरळ रस्त्यावरही सतत घासत राहतो आणि तापतो.

त्यानंतर तेल सोडा. नव्या दातांची पहिली साय थोडी दाट असेल. ती कागदावर पुसून तारीख आणि किलोमीटर लिहून गाडीच्या फाइलीत ठेवा, आणि पुढच्या वेळी प्लग उघडाल तेव्हा तो कागद शेजारी धरा.